धुराड्यातला डावा बूट

आयव्हर टेबट हा माणूस आयुष्यात कधी कोणाशी भांडला नाही, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी भांडायला उभा राहिला तो कशावरून, तर शेकोटीचं आतलं काम कोणी करायचं यावरून.

त्याच्या मुलानं, ग्रॅहमनं, आईबापासाठी लोखंडी शेगडी घ्यायची ठरवली होती. दिवाणखान्याच्या भिंतीतल्या जुन्या शेकोटीच्या पोटात ती सरकवून बसवायची. पुढं काचेचं दार, आत लाकडं, आणि धुरासाठी धुराड्यातून थेट वरपर्यंत स्टीलची नळी. उघड्या शेकोटीची निम्मी ऊब आभाळात जाते आणि म्हातारा-म्हातारी गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन कुडकुडत बसतात, हे त्याला बघवत नव्हतं. शेगडी बसवणारा कारागीर येऊन, शेकोटीत डोकं घालून, बॅटरीनं वर बघून गेला.

"धुराड्याचा गळा अरुंद आहे, मिस्टर टेबट," तो अंगावरची काजळी झटकत म्हणाला. "नळी उतरायची नाही. डाव्या बाजूच्या विटा काढाव्या लागतील, लिंटलच्या, म्हणजे या तोंडावरच्या आडव्या तुळईच्या, वर विटांचे चार-पाच रद्दे. माझी माणसं करतील."

"तुमची माणसं माझ्या धुराड्याला हात लावणार नाहीत."

"अहो, पण या वयात तुम्ही..."

"मी बांधलंय, मीच फोडीन. शुक्रवारी यायचं, नळी सोडायची, शेगडी बसवायची, चहा प्यायचा आणि जायचं."

त्याची बायको बेरिल स्वयंपाकघरातून ओरडली, "करू द्या हो त्याला! अडकला आत तर तिथंच चिणून टाकू, तेवढीच कबरस्तानातली जागा वाचेल!"

सगळे हसले. आयव्हरही हसला, पण नजर धुराड्यावरून न काढता. डावीकडे, लिंटलच्या वरच्या चौथ्या रद्द्यात, अर्ध्या विटेच्या मागं एक बूट होता. चार वर्षांच्या मुलीचा, लाल, डाव्या पायाचा. तो तिथं आयव्हरनंच ठेवला होता, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. आणि चव्वेचाळीस वर्षं बेरिल त्या बुटासाठी जीव टाकत होती. तो बूट तिच्या नजरेला न पडता बाहेर काढायचा, एवढ्याचसाठी हे भांडण होतं.

आमच्या या इंग्लंडातल्या केटरिंग गावाकडच्या भागात तेव्हा घरटी एक तरी माणूस बुटाच्या कारखान्यात असायचा. बेरिल आणि तिची धाकटी बहीण एनिड, दोघी शाळा सुटल्या सुटल्या शिलाईखात्यात लागल्या. बेरिलचा हात असा की मुकादम तिचं काम तपासतच नसे. थोरली लेक हेझल चालायला लागली तशी कातड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिनं पोरीला एकेक जोड शिवला. शेवटचा जोड लाल होता. पोरगी तो घालूनच झोपायला बघायची. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी हेझल डोकं दुखतंय म्हणाली आणि बुधवारी मेंदूज्वरानं गेली. बेरिल तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती.

पोरीचे कपडे बेरिलच्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून एनिडनं एका दुपारी खोली आवरली, गाठोडी बांधली आणि चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन आली. लाल बूट तेवढे खिडकीत ठेवले, कारण बेरिलनं बजावलं होतं की ते द्यायचे नाहीत. संध्याकाळी बेरिल खोलीत गेली तर खिडकीत एकच बूट.

आता आयव्हरचं ऐका. तो गवंडी. त्याला काम शिकवलं जोब नावाच्या एका खडूस म्हाताऱ्यानं. जोब म्हणायचा, घराच्या दाराला कडी असते, खिडकीला कडी असते, धुराड्याला नसते. वाईट शिरतं ते तिथून. म्हणून गळ्याशी एक बूट चिणायचा. जोड नाही, एकच. कोरा नाही, पायात घातलेला, आणि घरातल्या लेकराचा असला तर फारच उत्तम. वरून उतरणारं वाईट बुटात शिरतं, त्याला मागं फिरता येत नाही, ते तिथंच अडकून बसतं. फक्त ब्र काढायचा नाही कोणापाशी. काढला की बुटाचा गुण गेला. जुनी घरं पाडताना असे बूट निघतात, ते आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेत.

आयव्हर या सगळ्याला हसायचा. पण ज्याची लेक दोन दिवसांत हातची जाते आणि बायकोच्या पोटात दुसरं असतं, त्याचं हसणं कुठवर टिकणार? घर नवं घेतलेलं होतं, धुराडं तो स्वतःच बांधत होता आणि नेमका लिंटलच्या वर पोचला होता. त्यानं खिडकीतला एक बूट उचलला, विटांत सोडलेल्या कोनाड्यात ठेवला आणि अर्धी वीट चुन्यात बसवून टाकली.

बेरिल धावून गेली ती एनिडवर. गाठोड्यात घातलास, विकलास, वर खोटं बोलतेस! एनिडनं हेझलची शपथ घेतली. त्यावर तर बेरिलनं तिला दंडाला धरून घराबाहेर काढलं. गेलेल्या लेकराची खोटी शपथ खाते! आणि आयव्हर? तो तिथंच उभा होता, हातात थापी घेऊन, मूग गिळून. बाळ जन्मू दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. बाळ जन्मलं, ग्रॅहम, ते नाजूक निघालं. जरा बाळसं धरू दे, मग सांगू. धरलं तर गोवर आला. शाळेत जाऊ दे. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळच निघून गेली, आणि मग सांगणं म्हणजे इतकी वर्षं का नाही सांगितलंस याचा जाब देणं आलं. वाईट नव्हता हो तो. भित्रा होता. पण भित्र्यानं केलेलं नुकसान काही कमी भरत नाही.

बेरिललाही शहाणी म्हणवत नाही. बुटाच्या मुलखात जन्मली, गवंड्याशी संसार केला, पण नवऱ्यावर संशय घ्यायचं तिच्या कधी मनातच आलं नाही, आणि सख्ख्या बहिणीवर घ्यायला तिला एक क्षणही लागला नाही.

दोघी बहिणी पुन्हा बोलल्या नाहीत. एनिडनं लग्न केलं नाही. आठ मैलांवर एका खोलीत राहिली. ग्रॅहमच्या वाढदिवसाला दरवर्षी तिचं कार्ड यायचं आणि बेरिल ते न फोडता परत धाडायची. या मार्चमध्ये रुग्णालयातून एका नर्सचा फोन आला, एनिडचे थोडेच दिवस राहिलेत, बहिणीला बघायचं म्हणते. बेरिल म्हणाली, "बूट मी घालवला, एवढं ती कबूल करते का विचारा. करत असेल तर आत्ता येते." एनिडनं कबूल केलं नाही. एप्रिलमध्ये ती गेली. बेरिल मातीलासुद्धा गेली नाही. आयव्हर मात्र मरणाआधी एकदा तिला बघून आला होता, बागेसाठी खत आणायला जातो असं सांगून. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं पोटातच ठेवलं होतं.

तर ऑक्टोबरातला तो बुधवार. बुधवारी बेरिल चर्चमध्ये फुलं रचायला जाते ती एक वाजता परत येते. तिची पाठ वळल्याबरोबर आयव्हरनं कामाला हात घातला. गालिचा गुंडाळला, खुर्च्यांवर जुन्या चादरी टाकल्या. धुराड्यात काठ्यांना काठ्या जोडत ब्रश वर घातला तो पार शेंड्यातून बाहेर निघेपर्यंत, आणि बादलीभर काजळी खाली पाडली. लोखंडी जाळी उचलून अंगणात नेली. मागची भाजक्या मातीची पाटी तडकलेलीच होती, ती छिन्नीनं फोडून तुकडे तुकडे बाहेर काढले, पाटीमागचा राडारोडा उपसला. शेकोटीचं पोट रिकामं झालं. टेप लावून रुंदी, उंची, खोली मोजली. शेगडी बसायला चहूबाजूंनी दोन-दोन बोटं जागा हवी होती, ती होती. पुढची दगडी फरशी जळता निखारा उडाला तर पुरेशी होती. सगळं त्यानं अगदी रीतसर केलं. खरं सांगायचं तर तो वेळ काढत होता.

मग तो पोटात वाकून शिरला आणि डाव्या बाजूनं विटा मोकळ्या करू लागला. पहिला रद्दा, दुसरा, तिसरा. त्याचा स्वतःचा चुना होता, आणि सुटता सुटत नव्हता. चौथ्या रद्द्यातली अर्धी वीट मात्र हात लावताच हलली. तरणा असताना तिला चुना घातला तो चोरून, घाईघाईत, काम कच्चं राहिलं होतं. त्यानं वीट काढली आणि आत बोटं घातली.

कातडं कडक झालं होतं, पण आकार तसाच होता. पुढच्या टोकाला, अंगठ्यापाशी, घासलेलं होतं. हेझल तीनचाकी सायकल थांबवायला डावा पाय जमिनीवर ओढायची, तिथलं. आयव्हर काजळीत बसून हमसून हमसून रडला. आणि एवढ्यात मागचं दार वाजलं. साडेअकरासुद्धा झाले नव्हते. त्यानं बूट अंगरख्याच्या खिशात कोंबला.

"अरे देवा, काय अवतार आहे हा!" बेरिल दारातून म्हणाली. "डोळे लाल झालेत बघ. काजळी गेली ना? तोंडाला फडकं बांध म्हणून हजारदा सांगितलं."

"तू लवकर कशी?"

ती कोट न काढताच पालथ्या बादलीवर बसली. "फुलांना गेलेच नाही. बसनं गेले. एनिडकडे."

आयव्हरनं खिशावर हात दाबून धरला.

"दगड अजून बसवला नाहीये. नुसती लाकडी पाटी लावलीय नावाची," बेरिल म्हणाली. "बराच वेळ उभी राहिले. मग म्हटलं तिला, एनिड, झालं गेलं. बूट तुझ्याकडून गेला तर गेला, तेव्हा तूही पोरच होतीस, तेवीस वर्षांची. मी तुला माफ केलंय. असं मोठ्यानं म्हटलं रे. शेजारच्या थडग्यावरची बाई बघायला लागली माझ्याकडे." ती हसली. "बरं वाटलं. इतक्या वर्षांनी बरं वाटलं बघ."

झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. बूट खिशात होता, बायको निवांत होती, जिनं जाब विचारायचा ती मातीत होती. आयव्हरनं मनात देवाचे आभारसुद्धा मानून टाकले.

"एकच सलतं," बेरिल हातमोजे काढत म्हणाली. "शेवटपर्यंत खोटं बोलली. मरतानाही. एवढी खोटारडी माझी बहीण कशी झाली, तेच मला कळत नाही."

आणि आयव्हरला ते सहन झालं नाही. इतकी वर्षं सगळं सहन झालं, आणि हे एक वाक्य झालं नाही. त्यानं खिशातून बूट काढला आणि तिच्यापुढं धरला.

बेरिलनं तो हातात घेतला. काजळी पुसली, आणि तिचा चेहरा असा उजळला की आयव्हरला तिकडं बघवेना. "अरे! हा माझा! हा बघ, हा टाका मी दोनदा घातला होता, दोरा संपला म्हणून. हाच! कुठं मिळाला? कोणी आणून दिला?" तिनं तो गालाला लावला. "सापडला रे, आयव्हर! सापडला!"

"कोणी आणून दिला नाही. इथंच होता. वर." त्यानं हातानं दाखवलं. "मी ठेवला होता. जोब सांगायचा ते... पोटातलं वाचावं म्हणून. सांगायचं नसतं कोणाला, म्हणून सांगितलं नाही."

बेरिलनं गालावरचा बूट खाली घेतला.

"म्हणजे एनिडनं नाही."

"नाही."

"मी तिला दंडाला धरून बाहेर काढली, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आईच्या मयताला मी तिला जवळ बसू दिलं नाही, तेव्हा?"

"हो, बेरिल."

"मार्चमध्ये फोन आला तेव्हा? मी बोलत होते आणि तू तिथं टोस्टला लोणी लावत होतास."

आयव्हरनं नुसती मान हलवली.

"आणि आज मी तिला माफ करून आले," बेरिल म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तिच्या उशाशी उभी राहून माफ करून आले! मी! केवढं माझं मोठं मन! अरे, तोंड का नाही उघडलंस तू? कसल्या मातीचा माणूस आहेस? चव्वेचाळीस वर्षं तुझ्या कुशीला निजले मी!"

आयव्हरपाशी आणखी एकच गोष्ट होती, आणि ती सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"एनिडला. मी गेलो होतो तिच्याकडे, मार्चमध्ये. सांगायला, की बाई, बूट मी घेतला. तर मलाच हसायला लागली. म्हणाली, आता आलास होय सांगायला? त्याच दिवशी तुझ्या बोटांना ओला चुना होता आणि खिडकीत एकच बूट होता. मी बुटाच्या कारखान्यातली बाई, बूट कुठं जातो ते मला कळणार नाही?"

बेरिल त्याच्याकडे बघतच राहिली. "मग बोलली का नाही ती?"

"बोललं की गुण जातो ना. तुझ्या पोटात ग्रॅहम होता. ती म्हणाली, बेरिलचं एक गेलं, दुसरं माझ्या तोंडानं जायला नको. मग तो जन्मला, नाजूक निघाला. म्हणाली, राहू दे, वाढू दे पोराला." आयव्हरनं तोंडावरून हात फिरवला, काजळी आणखीच पसरली. "मी म्हटलं, मग आता तरी कबूल म्हण, खोटं का होईना, ती येईल धावत. तर म्हणाली, ते पुष्कळदा जिभेवर आणून बघितलं. पण हेझलचा बूट मी फेकला, असं माझ्या तोंडून निघत नाही रे. माझी पण ती लाडकी होती."

बेरिल बादलीवर बसल्या बसल्या पुढं वाकली, बूट पोटाशी घट्ट धरला आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला, जो आयव्हरनं हेझल गेली त्या दिवशी ऐकला होता. तो जवळ सरकला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. तो जिथं होता तिथंच, विटांच्या ढिगाशेजारी, उकिडवा बसून राहिला.

अंगणात गाडी थांबली, दार आपटलं आणि ग्रॅहमचा आवाज घरभर झाला. "म्हातारबा! शेगडी आजच घेऊन आलो! या बाहेर, एकट्यानं उचलत नाही!" तो आत आला. त्रेचाळीस वर्षांचा, आडव्या अंगाचा, लालबुंद गालांचा गडी, चालला की फळीवरचे कप हलायचे. घरातला पसारा बघून तो आधी हसला, मग आईचा चेहरा बघून थबकला, मग त्याची नजर तिच्या हातातल्या बुटावर गेली. त्या बुटाची गोष्ट तो आईच्या मांडीवर बसून ऐकत मोठा झाला होता.

"अरेच्चा! हा तोच ना?" तो आईपुढं गुडघे टेकून बसला आणि तिला हसवावं म्हणून, लहानपणापासून घरात म्हणत आले तसंच बोलून गेला, "काय गं, बूटचोर बाईनं स्वर्गातून परत पाठवला की काय?"

बेरिलनं त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात कधी त्याच्यावर हात उगारला नव्हता तिनं. काजळीची पाच बोटं त्याच्या गालावर उमटली.

"मावशी म्हण," ती म्हणाली. "मावशी आहे तुझी ती. ते नाव पुन्हा काढशील तर..."

ग्रॅहम गालाला हात लावून, भांबावून कधी तिच्याकडे आणि कधी बापाकडे बघत राहिला. "पण आई," तो म्हणाला, "ते नाव मला तूच तर शिकवलंस."

"हो रे बाळा," बेरिल म्हणाली. "मीच शिकवलं."